मॅनेजर बदलावा की अध्यक्ष? हार्टलपूल्स युनायटेड, १९६६

१/
संघ सतत हरू लागला की फुटबॉलच्या जगात एक उपाय सर्वांत आधी सुचतो : मॅनेजरला घरी पाठवा. श्रीमंत क्लबांच्या बाबतीत अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. पण ज्या क्लबच्या तिजोरीत पुढच्या महिन्याचा पगार असेल की नाही याचीच शंका असते, त्याने हा निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा? आजचा धागा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील अशाच एका क्लबविषयी आणि १९६६ साली तेथे पेटलेल्या एका भांडणाविषयी आहे. त्या भांडणात ज्याची नोकरी पणाला लागली, तो मॅनेजर पुढे दोनदा युरोपचा विजेता ठरला. म्हणूनच ही कथा जरा जपून वाचावी लागते.

२/
प्रथम स्थळ. हार्टलपूल हे उत्तर समुद्रावरचे बंदर. त्या काळी तेथे शेजारी शेजारी दोन नगरे होती : जुने हार्टलपूल आणि नवे वेस्ट हार्टलपूल. १९०८ मध्ये क्लब स्थापन झाला, तेव्हा दोन्ही गावांना आपलासा वाटावा म्हणून त्याचे नाव अनेकवचनी ठेवण्यात आले : ‘हार्टलपूल्स युनायटेड’. जहाजबांधणी आणि पोलाद यांवर गावाचे पोट चाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील प्रसिद्ध विल्यम ग्रे जहाज कारखाना बंद पडला. बेकारी वाढली. ज्यांच्या तिकिटांवर क्लब जगत होता, त्यांचेच खिसे रिकामे झाले.

३/
मैदानाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१६ मध्ये, जर्मन झेपेलिनने टाकलेल्या बॉम्बमुळे व्हिक्टोरिया ग्राउंडचे मुख्य स्टँड उद्ध्वस्त झाले. क्लबने जर्मन सरकारकडे नुकसानभरपाई मागितली. ती मिळाली नाही. मग ‘तात्पुरते’ म्हणून लाकडी स्टँड उभारण्यात आले. ते तात्पुरते स्टँड १९८० च्या दशकापर्यंत उभे होते! या एका तपशिलातून क्लबची आर्थिक कुवत ध्यानात येते.

४/
आता स्पर्धेचा नियम समजून घेऊ, कारण पुढची सारी भीती त्यातूनच येते. १९५८ मध्ये इंग्लिश लीगमध्ये चौथी डिव्हिजन सुरू झाली. तिच्याखाली लीगचा दरवाजा संपत असे. तळाच्या चार क्लबांना दर वर्षी ‘फेरनिवडणुकी’साठी अर्ज करावा लागे. त्यांच्यासोबत लीगबाहेरचे इच्छुक क्लबही रांगेत असत आणि लीगमधील इतर क्लब मतदान करून कोणाला ठेवायचे ते ठरवत. म्हणजे क्लबचे जगणे-मरणे गुणांवर जितके, तितकेच इतरांच्या मर्जीवरही अवलंबून होते. थेट घसरणीचा नियम १९८६-८७ च्या मोसमात आला.

५/
ही भीती पोकळ नव्हती. १९६० साली हार्टलपूल्स अगदी शेवटच्या, म्हणजे २४ व्या स्थानी होते. तरीही मतदानात वाचले. त्याच वेळी त्यांच्याहून वर असलेला शेजारचा गेट्सहेड क्लब मात्र बाहेर फेकला गेला आणि त्याची जागा पीटरबरोने घेतली. १९६२ मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा क्लब कर्जापायी मोसमाच्या मध्यातच लीगमधून बाहेर पडला. तळाशी राहणाऱ्या प्रत्येक क्लबच्या संचालकाला ही दोन नावे रात्री आठवत असणार.

६/
हार्टलपूल्सला चांगले दिवस ठाऊक नव्हते असे नाही. फ्रेड वेस्टगार्थ हे १९४३ पासून मॅनेजर होते. जानेवारी १९५७ मध्ये एफए कपच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडचा तरुण, बलाढ्य संघ या गावी आला. १७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर हार्टलपूल्स ३-४ असे हरले. पण लढले असे की गावाने ती हार जन्मभर मिरवली. त्या मोसमात तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात क्लब दुसरा आला. वर जाण्याची संधी फक्त पहिल्याला होती. आणि पहिला होता डर्बी काउंटी. हे नाव लक्षात ठेवा. मोसम संपण्यापूर्वीच, फेब्रुवारीत, वेस्टगार्थ यांचे निधन झाले.

७/
त्यानंतर ऑक्टोबर १९६५ पर्यंतच्या साधारण साडेआठ वर्षांत क्लबने सहा मॅनेजर पाहिले : मिडलटन, रॉबिन्सन, चिल्टन, गर्नी, विल्यम्स, ट्वेंटीमन. या काळातील गुणतक्ता पाहा. १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षे हार्टलपूल्सची स्थाने २४, २३, २२, २४, २३ अशी होती. पाचही वेळा फेरनिवडणुकीचा अर्ज. माणसे बदलत होती, स्थान मात्र बदलत नव्हते. १९६५ मध्ये संघ १५ वा आला, पण पुढच्या मोसमाची सुरुवात पुन्हा खराब झाली आणि आणखी एक मॅनेजर गेला.

८/
या सहांपैकी शेवटच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जेफ ट्वेंटीमन यांना हार्टलपूल्सने जेमतेम काही महिने ठेवले. मग ते कुचकामी होते का? दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, बिल शँक्ली यांनी त्यांना लिव्हरपूलचे मुख्य स्काउट नेमले. खालच्या डिव्हिजनांच्या मैदानांवर फिरून खेळाडू हेरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्कन्थॉर्पचा केव्हिन कीगन, नॉर्दॅम्प्टनचा फिल नील, चेस्टरचा इयन रश हे सारे त्यांच्या कारकिर्दीत लिव्हरपूलला आले. इंग्लंडमधील सर्वोत्तम पारख्यांपैकी एक माणूस हार्टलपूल्सच्या कचेरीत बसला होता; पण त्या कचेरीत बसून त्याला काही करता आले नाही.

९/
मराठीत एक जुनी म्हण आहे : आजार रेड्याला आणि डाग पखालीला. पखाल वाहणारा रेडा आजारी पडला, तर डागणी रेड्याला द्यावी लागते; पाण्याच्या कातडी पिशवीला डागून रेडा बरा होत नाही, उलट पखाल मात्र फुटते. सहा वेळा पखाल डागल्यावर तरी रेड्याकडे पाहायला हवे होते. हार्टलपूल्सचा आजार कोणता होता? पैसा नव्हता, मैदान गळके होते, आणि क्लब चालवणाऱ्यांना मॅनेजरचे काम नेमके कोणते हेच उमगले नव्हते.

१०/
हा शेवटचा मुद्दा इतिहासाचा आहे. इंग्लिश क्लबांच्या संचालकांना दीर्घकाळ मानधन घेण्यास बंदी होती. त्यामुळे संचालकपद हे मुख्यतः गावातील प्रतिष्ठेचे पद असे. स्थानिक व्यापारी, कंत्राटदार, वकील अशी मंडळी तेथे असत, आणि संघात कोण खेळेल यातही त्यांचा शब्द चाले. खुद्द इंग्लंडचा राष्ट्रीय संघही निवड समिती ठरवत असे. १९६३ मध्ये आलेल्या आल्फ रॅम्झी यांनी तो अधिकार स्वतःच्या हाती घेतला. म्हणजे ‘मॅनेजर’ हे पद नावाने जुने असले तरी अधिकाराने १९६० च्या दशकातही कोवळेच होते. निर्णय वरच्यांचे, अपयश मात्र मॅनेजरचे, अशी ही वाटणी होती.

११/
या पार्श्वभूमीवर आपला नायक येतो. ब्रायन क्लफ, जन्म १९३५, मिडल्सब्रो. सेंटर फॉरवर्ड म्हणून त्याने मिडल्सब्रो आणि संडरलंड या क्लबांसाठी लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. हे प्रमाण आजही थक्क करणारे आहे. २६ डिसेंबर १९६२ रोजी बरीविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. जवळजवळ दोन वर्षांनी तो परतला, तीन सामने खेळला आणि २९ व्या वर्षी खेळ संपला.

१२/
संडरलंडने त्याला युवा संघाच्या प्रशिक्षणाचे काम दिले. पण १९६५ मध्ये मॅनेजर जॉर्ज हार्डविक यांना काढण्यात आले आणि नव्या व्यवस्थेत क्लफचेही काम गेले. वरचा एक माणूस बदलला की खालची किती माणसे उन्मळतात, हे त्याने स्वतः भोगले होते. पूर्वीचा खेळाडू आणि तेव्हाचा क्रीडापत्रकार लेन शॅकलटन याने हार्टलपूल्सकडे त्याचे नाव सुचवले. ऑक्टोबर १९६५ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी, क्लफ मॅनेजर झाला. लीगमधील तो सर्वांत तरुण मॅनेजर होता.

१३/
त्याने पहिला फोन केला तो मिडल्सब्रोतील आपला जुना सहकारी, गोलरक्षक पीटर टेलर याला. टेलर तेव्हा लीगबाहेरच्या बर्टन ॲल्बियनचा मॅनेजर होता आणि तेथे त्याला पगारही अधिक होता. तरीही तो आला. हार्टलपूल्ससारख्या क्लबला ‘सहायक मॅनेजर’ ही चैन परवडणारी नव्हती, म्हणून कागदोपत्री तो ‘ट्रेनर’ झाला. सामन्याच्या वेळी पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावणे हेही त्याच्याच वाट्याला आले. खेळाडू पारखण्याची नजर टेलरची, त्याला उभे करण्याची आणि चेतवण्याची हातोटी क्लफची, अशी ही जोडी होती.

१४/
त्यांनी केलेल्या कामाची यादी पाहिली तर ‘फुटबॉलचा मॅनेजर’ या शब्दांचा अर्थच सैल होतो. क्लफने प्रवासी बस चालवण्याचा परवाना काढला, म्हणजे वेळ पडल्यास संघाची बस स्वतः हाकता यावी. गळणाऱ्या छपराखाली बादल्या ठेवाव्या लागत. कामगारांच्या क्लबांमध्ये संध्याकाळी जाऊन तो भाषणे करी आणि क्लबसाठी पैसे गोळा करी. काही काळ पगार न घेता काम करण्याची तयारीही त्याने दाखवली. गावाला पुन्हा क्लबकडे वळवणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

१५/
आणि निकाल? १९६५-६६ चा मोसम संपला तेव्हा हार्टलपूल्स १८ व्या स्थानी होते. फेरनिवडणूक टळली, हे खरे. पण आदल्या वर्षी संघ १५ वा होता! केवळ आकडा वाचणाऱ्याने काय म्हटले असते? नवा मॅनेजर आला, सोबत आणखी एक पगार आणला, आणि संघ तीन पायऱ्या खाली गेला. आपण त्या वेळचे चाहते असतो तर आपलेही मत काय झाले असते, याचा प्रामाणिकपणे विचार करून पाहा.

१६/
क्लबचे अध्यक्ष होते अर्नेस्ट ऑर्ड : गावातील श्रीमंत व्यापारी, क्लबमध्ये पैसा ओतणारे, आणि म्हणूनच आपला शब्द अंतिम मानणारे. क्लफ बोलका, वृत्तपत्रांना हवाहवासा आणि कोणापुढे मान न तुकवणारा. ठिणगी पडणे अटळ होते. १९६६ मध्ये ऑर्ड यांनी खर्चाचे कारण देऊन टेलरला काढून टाकण्यास सांगितले. क्लफने नकार दिला. तेव्हा ऑर्ड यांनी त्यालाही बडतर्फ केल्याचे जाहीर केले. क्लफने जागा सोडली नाही.

१७/
येथे नेहमीचा शेवट झाला असता तर ही कथा आज कोणी सांगितली नसती. पण संचालक मंडळाने अध्यक्षांची बाजू घेतली नाही. बडतर्फी मान्य झाली नाही. ऑर्ड पायउतार झाले आणि नगरसेवक असलेले संचालक जॉन करी अध्यक्षपदी आले. मॅनेजर राहिला, अध्यक्ष गेले. साडेआठ वर्षांत सहा मॅनेजर घालवणाऱ्या क्लबने पहिल्यांदाच पखालीऐवजी रेड्याकडे पाहिले.

१८/
आता थोडा न्याय ऑर्ड यांनाही द्यायला हवा. इतिहास विजेत्याच्या बाजूने लिहिला की पराभूत माणूस विनोदी खलनायक वाटू लागतो. त्यांच्या जागी उभे राहून पाहू. पैसा त्यांचा जात होता. संघ तळाच्या आसपास होता. अशा क्लबमध्ये एका कामासाठी दोन माणसे ठेवणे ही उधळपट्टी वाटणे साहजिक होते. शिवाय त्यांच्यासमोर उभा असलेला माणूस ‘ब्रायन क्लफ’ हा पुढचा दंतकथेतला पुरुष नव्हता; तो होता एक बेरोजगार झालेला माजी खेळाडू, ज्याने मॅनेजर म्हणून अजून काहीच जिंकले नव्हते.

१९/
मग करी आणि इतर संचालकांकडे तरी वेगळे काय होते? भविष्य त्यांनाही दिसत नव्हते. पण गुणतक्त्याखेरीज आणखी काही गोष्टी पाहता येण्यासारख्या होत्या. गावात क्लबविषयी पुन्हा बोलले जात होते. संघात नवे खेळाडू येत होते. १९६६ मध्येच जॉन मॅकगव्हर्न नावाच्या १६ वर्षांच्या पोराला पहिल्या संघात खेळवण्यात आले होते. तळाशी असलेला संघ अशा पोराला मैदानात उतरवतो, तेव्हा मॅनेजर पुढच्या शनिवारापलीकडचा विचार करतो आहे हे उघड होते. (हाच मॅकगव्हर्न पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कर्णधार म्हणून दोनदा युरोपियन कप उचलणार होता.)

२०/
१९६६-६७ मध्ये हार्टलपूल्स आठवे आले. लगेच डर्बी काउंटीने क्लफ आणि टेलर यांना बोलावून घेतले. शिफारस पुन्हा शॅकलटनचीच. गस मॅक्लिन नवे मॅनेजर झाले आणि १९६७-६८ मध्ये संघ तिसरा येऊन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. क्लबच्या इतिहासातील ही पहिली बढती! आता सांगा, हे श्रेय कोणाचे? नोंदवहीत मॅक्लिन यांचे नाव आहे, संघाची बांधणी बरीचशी क्लफ-टेलरची होती, आणि दोघांना राहू देण्याचा निर्णय करी यांच्या मंडळाचा होता. फुटबॉलमध्ये पेरणारा एक आणि कापणी करणारा दुसरा, असे वारंवार घडते. म्हणूनच आजच्या निकालावरून आजच्या मॅनेजरचा हिशेब करणे फसवे ठरते.

२१/
पण कथा येथे गोड करून संपवता येत नाही. पुढच्याच मोसमात क्लब पुन्हा चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरला. १९७० आणि १९७१ मध्ये तो २३ वा होता, पुन्हा फेरनिवडणुकीच्या रांगेत. म्हणजे १९६६ चा निर्णय योग्य असला तरी त्याने क्लबचा मूळ आजार बरा केला नव्हता. दोन असामान्य माणसांनी तो काही काळ झाकला होता. ती माणसे गेली. गरिबी, जुने स्टँड आणि छोटे गाव तेथेच राहिले. लीगच्या इतिहासात हार्टलपूलला एकूण १४ वेळा फेरनिवडणुकीला सामोरे जावे लागले, हा विक्रम आहे. आणि प्रत्येक वेळी ते वाचले, हेही तितकेच खरे.

२२/
क्लफच्या पुढील वाटचालीतील एक बाब मात्र आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. दुसऱ्या डिव्हिजनमधील डर्बी त्याच्या आगमनापूर्वी १७ वे होते. त्याच्या पहिल्या मोसमात ते १८ वे आले. दुसऱ्या मोसमात त्यांनी ती डिव्हिजन जिंकली आणि १९७२ मध्ये ते इंग्लंडचे विजेते झाले. जानेवारी १९७५ मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला. तो मोसम संपला तेव्हा फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १६ वे. पुढच्या वर्षी ८ वे. मग टेलर आल्यावर तिसरे आणि बढती. १९७८ मध्ये लीग. १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप. तीन क्लब, आणि पहिल्या मोसमाअखेर स्थाने १८, १८, १६. पहिल्या वर्षाचा तक्ता पाहून निर्णय घेतला असता तर तिन्ही ठिकाणी त्याला निरोप मिळाला असता.

२३/
आता आकडेशास्त्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना पाहिले की टोकाच्या निरीक्षणानंतरचे निरीक्षण सरासरीकडे झुकते. संघाचेही तसेच. सलग सहा सामने हरलेला संघ बहुधा त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा वाईट खेळलेला किंवा दुर्दैवी ठरलेला असतो; पुढचे काही सामने त्यामानाने बरे जाण्याचीच शक्यता अधिक. मॅनेजर नेमका याच तळाच्या क्षणी काढला जातो, आणि नंतरच्या सुधारणेचे श्रेय नव्याला मिळते. नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील सामने तपासून अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी दाखवले की मॅनेजर बदलल्याने कामगिरी सुधारते असा पुरावा मिळत नाही. वाईट काळ सोसून मॅनेजर कायम ठेवणारे संघही तसेच सावरतात.

२४/
मग कधीच बदलू नये का? तसेही नाही, आणि याचा पुरावाही क्लफच्याच चरित्रात आहे. १९७४ मध्ये लीड्स युनायटेडने त्याला नेमले आणि ४४ दिवसांत काढले. ‘द डॅम्ड युनायटेड’ हा चित्रपट पाहिलेल्यांना ही कथा ठाऊक असेल. सहा लीग सामन्यांत एकच विजय, खेळाडू विरोधात, आणि टेलर सोबत नाही. लीड्सने जिमी आर्मफील्ड यांना आणले आणि त्याच मोसमात संघ युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. लीड्समध्ये कसलेले खेळाडू होते, पैसा होता; बिघडले होते ते मॅनेजर आणि खेळाडू यांच्यातील नाते. तेथे आजार खरोखरच पखालीत होता.

२५/
दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. फॉरेस्टमध्ये क्लफ १८ वर्षे राहिला. १९९२ च्या उन्हाळ्यात डेस वॉकर आणि मोसमाच्या आरंभीच टेडी शेरिंगहॅम क्लब सोडून गेले. त्यांच्या तोडीचे कोणी आले नाही. क्लफची प्रकृती ढासळली होती. संघ तळाशी गेला. दोन युरोपियन कप देणाऱ्या माणसाला ‘आता थांबा’ असे कोणी म्हणायचे? अखेर त्याने स्वतःच निवृत्ती जाहीर केली. फॉरेस्ट शेवटचे आले आणि घसरले. १९६६ मध्ये संयम हे शहाणपण होते. १९९३ मध्ये तोच संयम म्हणजे निर्णय टाळणे ठरले.

२६/
या तीन प्रसंगांतून एक गोष्ट हाती लागते. ‘किती सामने हरलो?’ या प्रश्नाचे उत्तर तिन्ही ठिकाणी जवळपास सारखे होते. योग्य निर्णय मात्र वेगवेगळे होते. फरक इतर प्रश्नांच्या उत्तरांत होता. क्लबच्या ऐपतीच्या मानाने संघ जेथे असायला हवा, त्याच्या किती खाली आहे? खेळाडू मॅनेजरसाठी धावतात का? तरुण मुले संघात येत आहेत की केवळ उसनवारी चालू आहे? याला काढले तर येणारा कोण, आणि त्याला वेगळे काय देणार? ज्या मंडळाकडे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही, ते मंडळ मॅनेजर बदलत नसते. स्वतःवरची जबाबदारी काही महिने पुढे ढकलत असते.

२७/
गरीब क्लबला हे विशेष लागू आहे. श्रीमंत क्लब चुकला तर एक मोसम गमावतो. तळाचा क्लब चुकला तर जुन्याची भरपाई आणि नव्याचा पगार एकाच तिजोरीतून देतो. जुन्याने आणलेले खेळाडू नव्याला नको असतात, ते बाकावर बसून पगार घेतात. आणि जो पैसा छपरावर किंवा युवा संघावर जायला हवा होता, तो करार मोडण्यात जातो. १९५७ ते १९६५ दरम्यानच्या सहा बदलांची खरी किंमत गुणतक्त्यात शोधून सापडणार नाही. ती न झालेल्या कामांत आहे.

२८/
आणि आता थोडे अलीकडचे. २०१६-१७ च्या मोसमात हार्टलपूल युनायटेड पुन्हा तळाशी होते. जानेवारीत क्रेग हिग्नेट गेले, डेव्ह जोन्स आले. एप्रिलमध्ये, दोन सामने शिल्लक असताना, जोन्सही गेले. संघातलाच एक खेळाडू, मॅथ्यू बेट्स, हंगामी मॅनेजर झाला. शेवटचा सामना हार्टलपूलने जिंकला. तरीही १९२१ पासून ९६ वर्षे टिकवलेले लीगमधील स्थान गेले. २०२१ मध्ये ते परत मिळाले, २०२३ मध्ये पुन्हा गेले.

२९/
१९६६ च्या बैठकीत करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ एवढेच केले होते : बाहेर ओरडा असताना त्यांनी आधी स्वतःच्या टेबलाभोवती पाहिले. तुमच्या माहितीत असा एखादा क्लब, संघ किंवा संस्था आहे का, जिने चुकीच्या माणसाला घालवले, किंवा योग्य माणसाला वेळेवर निरोप देण्याचे धैर्य दाखवले? उदाहरण खाली जरूर लिहा. पण सोबत हेही लिहा की निर्णयाच्या दिवशी त्या लोकांना नेमके काय काय ठाऊक होते.